एकच नग

उद्यमबागेत रात्रपाळी म्हणजे
कूलंटचा वास, विजेचा भरवसा नाही म्हणून
जनरेटरात भरून ठेवलेलं डिझेल,
आणि दिवसभर हायड्रॉलिक वाल्वच्या बॉड्या कातून
अजून कोमट असलेलं मशीन.

बावीस वर्षांत मी एकच गोष्ट शिकलो:
हजारावा नग पहिल्यासारखा आला पाहिजे.
मालक कलघटगी व्हर्नियर लावायचे,
काही न बोलता पुढे जायचे.
तीच शाबासकी.

आज टेबलावर निपाणीहून आलेला जबडा आहे.
म्हणजे त्याची प्रत, पांढऱ्या प्लास्टिकची.
नझीरच्या छोट्या प्रिंटरनं अकरा तास
लाळ गाळत, थरावर थर देत उभी केलेली.
डावीकडे कानापासून हनुवटीपर्यंत मोकळं.
तिथलं हाड डॉक्टर हंचिनमनींनी
गेल्या थंडीत काढलं, गाठीसकट.
नाव सुलाबाई धोंडी मगदूम. वय चोपन्न.
काम: विड्या वळणे.

परदेशी कंपनीच्या पट्टीचा भाव ऐकला तेव्हा
तिच्या लेकीनं त्या कागदाची घडी घातली,
मग घडीची घडी,
मग तेवढ्याशा चौकोनावर अंगठा दाबून बसली.
आम्ही फळ्यावर हिशेब मांडला:
टायटॅनियम. चार कटर, त्यातले दोन तुटणारच.
तपासणी, निर्जंतुक करणं, वीज.
मजुरीच्या पुढं मालकांनी नुसती रेघ ओढली.
बेरीज एका दुभत्या म्हशीच्या आत बसली.

गेलेल्या बाजूला राहिलेली बाजू उलटून लावायची,
आरशात दिसते तशी, ही रीत.
नझीरनं बटण दाबलं
आणि पडद्यावर चेहरा पुरा झाला,
कंपासनं काढल्यासारखा.
लेक बघत राहिली.
म्हणाली, "ही आई न्हाई."

मग मोबाइलमध्ये शोधाशोध.
कुणाच्यातरी बारशातला फोटो, कडेला अर्धी कापलेली बाई,
हातात द्रोण, कशाला तरी हसताना.
"डावं अंग पयल्यापासनं जरा खाली हाय तिचं.
ल्हानपणी विहिरीच्या पायरीवर आपटली हुती.
हसली की तिकडंच हसती."

डॉक्टरांना फोन लावला.
त्यांनी कानडीत विचारलं, "एष्टु?"
मी मराठीत सांगितलं, दोन मिलिमीटर.
तिकडं थोडा वेळ कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं.
मग, "माड्री."

दोन मिलिमीटर!
वाल्वमध्ये एवढं चुकलो असतो
तर माल भंगारात आणि मी त्याच्या मागोमाग.
इथं तेवढं मुद्दाम वाकडं जायचं होतं,
आणि अगदी बरोबर वाकडं.

टायटॅनियम हट्टी. घाई केली की कटर खातं,
बारीक कीस पेट घेतो.
फेरे कमी ठेवले, पाणी सोडलं भरपूर,
आणि स्टुलावर बसून ऐकत राहिलो.
आवाज बदलला तर हात लाल बटणापाशी.
तीनच्या सुमाराला एक कटर गेला.
अंदाज बरा होता आमचा, दुसरा टिकला.
उजाडताना आतल्या अंगाला नंबर कोरला,
जिथं तो फक्त मांसाला लागेल.

पाच महिन्यांनी ती स्वतःच आली, निपाणीच्या बसनं.
दारात उभी राहून आधी मशीन बघितलं,
मग मला. बोलणं थोडं जड.
भाकरी चावते का, विचारलं.
"कुस्करून. डाक्टर म्हंत्यात, दमानं."

फळीवर प्लास्टिकचा जबडा तसाच होता,
दातांच्या आत आमच्या पोरांनी ॲलन की ठेवलेल्या.
मला लाज वाटली.
"ह्ये म्या हाय काय?"
"होय की."

तिनं तो उचलला.
मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं,
मग तेच बोट स्वतःच्या गालावरून.
मी म्हटलं, घेऊन जावा, तुमचाच आहे.
तिनं विचार केला.
ॲलन की एकेक काढून बाजूला ठेवल्या,
जबडा पदरानं पुसला,
परत फळीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे हितंच.
मोडलं-बिडलं तर परत लागंल."

आणि हसली.
तिकडंच.